पाणी उकळलं, तुरटी फिरवली, टीसीएल टाकलं. नायट्रेट मात्र जागचं हललं नाही

शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२४ च्या डिसेंबर अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत माणसांचे केस अचानक गळायला लागले. तेव्हा सगळ्यात आधी बोट गेलं ते पाण्याकडं. बोअरच्या पाण्याचे नमुने घेतले गेले आणि काही ठिकाणी नायट्रेट जास्त निघालं. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत संशयाचा काटा रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं वळला. बऱ्याच जणांचे केस परत आले, कॅमेरेवाले निघून गेले आणि विषय संपला.

केसांचा आणि पाण्याचा संबंध नव्हता असं धरलं, तरी अहवालातलं नायट्रेट पाण्यात होतंच. त्याचं काय झालं, हे नंतर फारसं कुणी विचारलं नाही.

आणि हा प्रश्न दोन-चार गावांचा नाही. केंद्रीय भूजल मंडळानं २०२३ मध्ये देशभरातल्या १५ हजारांवर ठिकाणचं भूजल तपासलं. त्याचा अहवाल २०२४ च्या शेवटी आला. जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे तीन नमुन्यांत एकाहून जास्त. अशा पाण्याचे जिल्हे २०१७ साली ३५९ होते, ते ४४० झाले. सगळ्यात जास्त त्रास असलेले म्हणून जे १५ जिल्हे अहवालात दिलेत, त्यातले सात एकट्या आपल्या राज्यातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. यातले चार विदर्भातले.

जिभेला कळत नाही, हीच अडचण

खारपाण पट्ट्यातला माणूस पाण्याचा घोट घेतला की सांगतो, हे खारं आहे की गोडं. जळगाव जामोद, संग्रामपूरकडं सुनेला माहेरून पहिला प्रश्न असतो तो पाण्याचाच. गढूळ पाणी डोळ्याला दिसतं, सडलेल्या पाण्याचा वास येतो, लोखंडाचं पाणी भांड्याला तांबडा डाग पाडतं. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. ज्या विहिरीच्या पाण्यात चहा झकास होतो आणि डाळ लवकर शिजते, तिच्यात नायट्रेट दुप्पट असू शकतं.

नायट्रेट म्हणजे मुळात नत्र. ज्या नत्राशिवाय पऱ्हाटी हिरवी होत नाही आणि मका वर येत नाही, त्याचंच हे पाण्यात विरघळणारं रूप. युरिया टाका, शेणखत टाका किंवा माणसाचं मलमूत्र मातीत जाऊ द्या, जमिनीतले जीवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेटला धरत नाहीत. त्यामुळं पिकाच्या मुळांनी उचललं तर उचललं, नाही तर पुढचा पाऊस किंवा पुढचं ओलित त्याला खाली घेऊन जातं. आपल्याकडं खाली आधी मुरूम आणि मग भेगाळलेला काळा खडक. त्या भेगांतूनच विहिरीला झरे येतात, आणि नायट्रेटही त्याच वाटेनं येतं.

पिण्याच्या पाण्यात किती चालतं? भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत. खारेपणा किंवा जडपणाच्या बाबतीत ‘दुसरा स्रोतच नसेल तर एवढं चालेल’ अशी सूट मानकात आहे. नायट्रेटला ती सूट ठेवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढीच.

सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा या शेतीच्या राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरनं निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. बाळं शेतावरच्या घरांतली होती. त्यांना वरचं दूध चालू होतं आणि ते दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. त्या पाण्यात नायट्रेट खूप निघालं. नंतर तिकडं अशा बाळांच्या घरच्या विहिरी तपासल्या गेल्या. एका पातळीच्या खाली हा आजार जवळपास आढळला नाही. आजची ४५-५० ची मर्यादा त्यातूनच आली आहे.

शरीरात होतं असं. पोटातले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन परत सरळ करणारी यंत्रणा असते. तान्ह्या बाळात ती पुरती तयार झालेली नसते. शिवाय बाळाच्या पोटात आम्ल कमी, म्हणून तिथं हे जीवाणू वाढायला मोकळीक. त्यात हगवण लागली तर धोका आणखी वाढतो. आणि वजनाच्या मानानं बाळ पाणी खूप पितं, हेही लक्षात घ्यायला हवं. पाच किलोच्या बाळाला दिवसभरात पाऊण लिटर वरचं दूध गेलं, तर ते ६० किलोच्या माणसानं नऊ लिटर पाणी पिण्यासारखं झालं.

ओळखायचं कसं? ओठ, नखं, जिभेखालचा भाग आणि तळवे बघायचे. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही, पण ओठ आणि नखं राखाडी-निळी पडलेली कळतात. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, धाप लागते. प्राणवायू लावूनही निळेपणा हटत नाही आणि रक्त काढलं तर ते चॉकलेटी दिसतं. अशा वेळी झाडपाला, धुरी, नजर उतरवणं यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरला आपण होऊन सांगावं की बाळाला विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं दूध चालू आहे. यावर मिथिलीन ब्लू नावाचं इंजेक्शन आहे आणि वेळेत मिळालं तर बाळ लवकर सावरतं. न्युमोनिया किंवा हृदयाचा जन्मजात दोष समजून उपचार सुरू होणं शक्य असतं, म्हणून पाण्याची गोष्ट घरच्यांनीच सांगणं गरजेचं.

यात एक दिलासा आहे. आईच्या पोटात नायट्रेटचं पाणी गेलं तरी ते दुधात फारसं उतरत नाही. म्हणजे अंगावरचं दूध पिणारं बाळ या आजारापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतं. आशाताई आणि अंगणवाडी ताई ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ सांगतात, त्याला आपल्या भागात हे एक जादा कारण आहे. उन्हाळ्यात बाळाला ‘चमचाभर पाणी’ पाजणं, गुटी उगाळायला विहिरीचं पाणी घेणं, आजीनं हौसेनं साखरपाणी देणं, हे सगळं सहा महिने थांबवलेलं बरं. ज्या आईला दूध येत नाही किंवा जिचं बाळ वरच्या दुधावरच आहे, त्या घरानं मात्र तपासलेल्या पाण्याशिवाय दूध कालवू नये.

मोठ्यांचं काय? एका दिवसात काही होत नाही, म्हणूनच लोक मनावर घेत नाहीत. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० मध्ये अन्न-पाण्यातून जाणाऱ्या नायट्रेट आणि नायट्राइटला, शरीरात त्यापासून नायट्रोसो संयुगं तयार होत असतील अशा स्थितीत, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात पाण्यातल्या नायट्रेटचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसला, तोही मर्यादेच्या बऱ्याच खालच्या पातळीला. थायरॉइडवरही परिणाम होतो असं काही अभ्यास सांगतात. यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. म्हणून ‘या पाण्यानं कॅन्सर होतोच’ असं व्हॉट्सॲपवर फिरवण्यात अर्थ नाही, आणि ‘आमच्या आज्यानं हेच पाणी प्यायलं’ असं म्हणण्यातही नाही. आज्याच्या काळात एकरी युरिया किती पडत होता, तेही बघायला हवं.

कुणी म्हणेल, पालक आणि बीटमध्ये तर पाण्यापेक्षा जास्त नायट्रेट असतं. खरं आहे. पण भाजीबरोबर जीवनसत्त्व क जातं आणि ते घातक संयुगं तयार होऊ देत नाही. भाजी सोडायचं कारण नाही.

जनावरांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा लागेल. ज्वारीचं कोवळं किराळ खाऊन जनावर पडतं ते वेगळं विष. पण पाणी तुटून खुरटलेल्या, भरपूर युरिया दिलेल्या ज्वारी-मक्याच्या ताटात नायट्रेट साठतं आणि गाय-म्हशीच्या पोटात त्याचंही नायट्राइट होतं. लक्षणं बाळासारखीच: धाप, तोंडातला भाग तपकिरी-निळा, रक्त चॉकलेटी.

येतं कुठून? आधी उकिरडा बघा, मग युरिया

नायट्रेट म्हटलं की सगळे युरियाकडं बोट दाखवतात. शेतातल्या विहिरीला ते बऱ्याच अंशी लागू आहे. गावठाणातल्या विहिरीला आणि हापशीला मात्र पहिला संशयित घराशेजारचा असतो.

विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा आहे का? गोठ्याचं मूत कुठं वाहून जातं? सांडपाण्याची नाली फुटलेली आहे का? शौचालयाचा खड्डा किती फुटांवर आहे? गावोगाव शौचालयं झाली ते उत्तमच झालं, त्यानं रोगराई कमी होते. पण खड्डा खोदताना विहिरीचं अंतर सगळ्यांनीच मोजलं असं नाही. साधारण नियम किमान १५ मीटरचा, म्हणजे ५० फुटांचा आहे. खडक भेगाळ असेल तर जास्त ठेवावं आणि खड्डा विहिरीच्या उताराला असावा, चढाला नको. एक माणूस वर्षाला मलमूत्रातून साधारण अडीच ते तीन किलो नत्र टाकतो. सात-आठ माणसांच्या घराचा हिशेब केला तर वर्षाला युरियाची जवळपास एक गोणी होते. ती सगळी पाण्यात जात नाही, काही हवेत उडून जातं. पण एका आळीत अशी पंचवीस घरं आणि मधोमध हापशी असली, तर काय होणार ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

ओळखायची एक ढोबळ खूण आहे. अहवालात नायट्रेटही जास्त आणि जंतूही असतील, तर कारण शंभर फुटांच्या आत शोधा: नाली, गोठा, खड्डा. जंतू नाहीत, गाव लांब आहे आणि नायट्रेट मात्र भरपूर आहे, तर ते बहुतेक खताचं.

आता युरिया. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र. पिकाला त्यातलं लागतं अर्धं किंवा त्याहूनही कमी. बाकीचं हवेत आणि पाण्यात. गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, म्हणून ‘थोडा जास्त टाकला तर काय बिघडलं’ असं होतं. डीएपी आणि पोटॅशची किंमत बघून हात आखडतो, युरियाला आखडत नाही. २०१५ पासून सगळा युरिया कडुलिंबाच्या तेलाचा थर दिलेला येतो. त्यानं नायट्रेट व्हायचा वेग कमी होतो, पण थांबत नाही. पेरणीबरोबर युरिया टाकला, रोपाला अजून मूळ नाही आणि दोन दिवसांत मोठा पाऊस झाला, की ते पैसे विहिरीत गेले असं समजायचं. मृगाच्या पहिल्या पावसात तर उन्हाळाभर मातीत तयार होऊन बसलेलं नायट्रेटही एकदम खाली उतरतं.

बोअरमुळं आणखी एक वाट तयार झाली आहे. केसिंग फक्त वरच्या भुसभुशीत थरापुरतं टाकतात आणि त्याच्या भोवतीची पोकळी तशीच सोडतात. वरचं घाण पाणी त्या फटीतून सरळ दोनशे फूट खाली जातं. बोअर घेताना केसिंगभोवती सिमेंट भरून घ्यायला आणि तोंडाशी ओटा बांधायला फार खर्च येत नाही, पण बोअरवाला आपण होऊन ते करत नाही, सांगावं लागतं. शेतातलं वाहतं पाणी गाळण न लावता बोअरमध्ये सोडून ‘पुनर्भरण’ करणंही असंच. पाणी वाढतं आणि त्याच्याबरोबर खत-औषधही आत जातं.

घरचे उपाय: काय चालतं, काय नाही

उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, कारण ते जिवंतच नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. बाळासाठी पाणी जास्त वेळ उकळणाऱ्या घराला हे सांगितलंच पाहिजे. तुरटीनं गाळ बसतो. टीसीएलनं जंतू मरतात आणि त्यासाठी ते टाकायलाच हवं. कपड्यानं गाळणं, कँडलचा फिल्टर, निळा दिवा असलेला यूव्ही फिल्टर, यातल्या कशालाही नायट्रेट अडवता येत नाही.

आरओ अडवतो, बऱ्याच प्रमाणात. पण पडदा जुना झाला की कमी अडवतो. आणि एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर फेकून देतो. ते पाणी नालीत सोडण्यापेक्षा भांडी-धुणं किंवा परसातल्या झाडांना घालावं. त्यात क्षार असतात, म्हणून रोज एकाच झाडाला नको.

आरओ विकायला येणारे दोन खेळ करून दाखवतात. पहिला टीडीएस मीटरचा. पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवतात, आकडा मोठा आला की ‘बघा, विष आहे’. टीडीएस म्हणजे सगळ्या क्षारांची बेरीज. त्यात मीठ किती, चुना किती, नायट्रेट किती, हे ते पेन सांगत नाही. ४०० टीडीएसच्या पाण्यात नायट्रेट १०० असू शकतं आणि ९०० टीडीएसच्या पाण्यात १० असू शकतं. दुसरा खेळ विजेच्या सळयांचा. ग्लासात सळया सोडून करंट दिला की पाणी तपकिरी होतं. ती घाण पाण्यातली नसते, लोखंडाची सळई झिजून तयार झालेली असते. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून तिथं करंट नीट वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. जारचं पाणी विकत घेणाऱ्यांनीही प्लांटवाल्याकडं नायट्रेटचा ताजा अहवाल मागावा. पैसे देऊन घेतो, तर मागायला लाजायचं कशाला?

विहीर साफ होते का?

गाळ काढता येतो, नायट्रेट काढता येत नाही. विहीर उपसली तरी झऱ्यातून तेच पाणी परत येतं, कारण ते भोवतालच्या खडकात भरलेलं आहे. वरून येणं थांबलं तर हळूहळू, काही वर्षांत, कमी होत जातं. गावठाणातली उथळ विहीर लवकर सुधारते, खोल बोअर उशिरा. यंत्रानं काढायचं म्हटलं तर खर्च झेपणारा नाही. त्याच आयोवा राज्यातल्या दे मॉइन शहरानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढायचा मोठा प्रकल्प बांधला. तरी २०२५ च्या जूनमध्ये नदीतलं नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. अमेरिकेला जड जातं ते ग्रामपंचायतीला कुठून परवडणार?

म्हणून पंचायतीनं आधी स्वस्त कामं करावीत. गावात दोन स्रोत असतील आणि एकात नायट्रेट कमी असेल, तर टाकीत पाणी मिसळता येतं. पण हिशेबानं. ८० चं आणि २० चं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर ५० येतं, म्हणजे मर्यादेच्या वरच. २० चे दोन भाग आणि ८० चा एक भाग घेतला तर ४० येतं. मिसळल्यावर नळाचं पाणी तपासून खात्री करावी. पिण्याच्या विहिरीजवळचे उकिरडे हलवणं, नाली पक्की करणं, जवळचा शोषखड्डा बंद करून लांब नेणं, ही कामं पंचायतीच्या हातातली आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तो कुठं गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. स्रोत सुधारेपर्यंत निदान बाळ आणि गरोदर बाई असलेल्या घरांना वेगळं पाणी द्यायला पैशापेक्षा मनाची तयारी जास्त लागते.

उकिरडा हलवायचा म्हणजे भांडण, हे खरं आहे. जागा कुणाची, पिढ्यानपिढ्या तिथंच होता, वगैरे. यातून वाट म्हणजे नाडेप टाकं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत आपल्या भागाला नवी नाही. दहा बाय सहा फुटांचं, तीन फूट उंच जाळीदार विटांचं टाकं, खाली पक्का तळ, वर छप्पर. शेणाचं नत्र पावसात वाहून जात नाही आणि खतही चांगलं होतं. उघड्या उकिरड्यावर चार महिने पाऊस पडला की अर्धं खत विहिरीत आणि उरलेला चोथा शेतात, असा प्रकार होतो.

शेतकऱ्यासाठी मात्र यात फायद्याचीही बाजू आहे, आणि रब्बीच्या तोंडावर ती सांगण्यासारखी आहे. शेतातल्या विहिरीत नायट्रेट असेल तर ते आपलंच गेलेलं खत आहे. ते पाणी पिऊ नये, पण पिकाला ते चालतं. हिशेब असा. ९० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरला साधारण २० मिलिग्रॅम नत्र. एक एकरला एक ओलित साधारण दोन लाख लिटरचं धरलं तर त्यातून ४ किलो नत्र पडतं. पाच ओलितं झाली की २० किलो, म्हणजे युरियाची एक गोणी फुकट. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्राची आहे. त्यात पाण्यातून आलेलं धरून युरिया कमी केला तर पैसे वाचतात आणि विहिरीतलं नायट्रेट वर येऊन पिकात जातं. फक्त पाणी मोजून द्यावं. सारा तुडुंब भरला तर नत्र परत खाली जातं. तुषार किंवा ठिबक असेल तर उत्तम. गव्हाला अर्धं नत्र पेरणीला आणि अर्धं एकविसाव्या दिवसाच्या आसपास पहिल्या पाण्याबरोबर. मक्याला आणि कांद्यालाही नत्र विभागूनच द्यावं. खरिपानंतर रान पडीक ठेवण्यापेक्षा हरभरा, करडई असं काही उभं असलं तर मातीत उरलेलं नायट्रेट मुळं उचलतात. करडईचं मूळ खोल जातं, म्हणून ती यात जास्त कामाची.

तपासणी कुठं, कशी

गावाला हिरवं कार्ड मिळालंय म्हणून निर्धास्त राहू नका. लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं ते मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती आणि टीसीएलचा वापर बघून. ते जंतूंच्या धोक्याचं कार्ड आहे. नायट्रेटसाठी रासायनिक तपासणीचा अहवाल वेगळा मागावा लागतो.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. किटमध्ये सहसा नायट्रेटचीही चाचणी असते. रसायन टाकून जो रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. त्यावरून अंदाज येतो. आकडा मर्यादेच्या जवळ किंवा वर दिसला की प्रयोगशाळा गाठावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. सार्वजनिक स्रोताचा नमुना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाठवतो. खासगी विहिरीचा नमुना स्वतः नेऊन, ठरलेलं शुल्क भरून देता येतो.

नमुन्यासाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. औषधाची किंवा रॉकेलची जुनी बाटली अजिबात नको. मोटर पाच मिनिटं चालू द्या. त्याच पाण्यानं बाटली तीन वेळा खळबळून घ्या, काठोकाठ भरा आणि घट्ट बूच लावा. गाव, स्रोत, खोली, तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा. उन्हात ठेवू नका आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. जंतूंची तपासणीही करायची असेल तर तिच्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते. वर्षातून दोनदा तपासलं तर बरं: एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीनंतर. पावसानं वरचं खाली उतरवल्यावर आकडा बदलतो.

अहवाल हातात आला की नायट्रेटच्या ओळीत आकड्याबरोबर एककही वाचा. काही ठिकाणी ‘नायट्रेट’ म्हणून देतात, तिथं मर्यादा ४५. काही ठिकाणी ‘नायट्रेट ॲज एन’, म्हणजे फक्त नत्र म्हणून देतात, तिथं मर्यादा साधारण १०. या दुसऱ्या पद्धतीच्या अहवालात २२ आकडा असेल आणि कुणी म्हणालं ‘४५ च्या आत आहे, चालतंय’, तर ते पाणी खरं तर मर्यादेच्या दुपटीहून वर आहे. शंका असेल तर प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारून तिथंच कागदावर लिहून घ्या.